यादीत नाव नसलेला खेळाडू एका रात्रीत अकरावा कसा झाला? स्नूकरचा हंगाम समजून घेताना

५ मे २०२५ च्या रात्री शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये झाओ शिनतोंगने मार्क विल्यम्सला १८–१२ असं हरवलं आणि चीनला स्नूकरचा पहिला विश्वविजेता मिळाला. झाओ त्या स्पर्धेत उतरला तेव्हा जागतिक क्रमवारीत त्याचं नावच नव्हतं. कागदोपत्री तो हौशी खेळाडू होता. स्पर्धा संपली आणि नवी यादी आली, तेव्हा तो जगात अकरावा होता.

त्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला विचारलं, "मामा, विश्वविजेता झाला तर पहिला का नाही? आणि कालपर्यंत यादीतच नव्हता, तर एकदम अकरावा कसा?"

दोन्ही प्रश्न बरोबर होते. त्यांची उत्तरं देत गेलं की व्यावसायिक स्नूकरचा अख्खा हंगाम उलगडतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा हंगाम म्हणजे नुसता स्पर्धांचा गोंधळ वाटतो. आज चीन, पुढच्या आठवड्यात इंग्लंड, मग बर्लिन, मग हाँगकाँग. कुठे चार फ्रेम जिंकल्या की सामना संपतो, कुठे अठरा जिंकाव्या लागतात. पण या सगळ्याला एका दोऱ्यात ओवणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पैशांची यादी.

खेळ माहीत नसेल त्याच्यासाठी आधी थोडक्यात. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबल. पंधरा लाल चेंडू, प्रत्येकी एक गुण. सहा रंगीत चेंडू: पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात. एक लाल पॉट करायचा, म्हणजे पांढऱ्या चेंडूने मारून टेबलाच्या खिशात घालायचा, मग एक रंगीत, पुन्हा लाल. रंगीत चेंडू परत टेबलावर येतो, लाल येत नाही. लाल संपले की रंगीत चेंडू चढत्या क्रमाने घ्यायचे. न चुकता केलेल्या सलग गुणांना ब्रेक म्हणतात. प्रत्येक लालनंतर काळाच घेतला आणि शेवटपर्यंत चूक केली नाही तर १४७ होतात. असा एक डाव म्हणजे एक फ्रेम, आणि ठरलेल्या फ्रेम आधी जिंकेल तो सामना जिंकतो. हंगामाच्या दृष्टीने एवढं पुरे.

क्रमवारी म्हणजे पासबुक

टेनिसमध्ये स्पर्धा जिंकली की गुण मिळतात. २०१४ पासून स्नूकरमध्ये वेगळे गुण नाहीत. क्रमवारीच्या स्पर्धेत जिंकलेलं बक्षीस, जितके पौंड तितके, खेळाडूच्या नावावर जमा होतं. ज्याच्या नावावर जास्त पैसे, तो वर. क्रमवारी म्हणजे एक उघडं पासबुक आहे, आणि जगातल्या सगळ्या खेळाडूंची पासबुकं एकाखाली एक लावून ठेवलेली आहेत.

पण या पासबुकात जमा झालेली रक्कम कायमची राहत नाही. दोन वर्षं झाली की ती वजा होते. म्हणजे २०२३ च्या जागतिक स्पर्धेत मिळालेले पैसे २०२५ ची जागतिक स्पर्धा होईपर्यंत मोजले जातात, आणि ती स्पर्धा संपली की जुने पैसे जाऊन नवे त्यांच्या जागी येतात. क्रमवारीत एका जागी उभं राहायचं तरी खेळाडूला चालत राहावं लागतं.

आता झाओचं गणित पाहा. जागतिक विजेत्याला पाच लाख पौंड मिळतात, आपल्या रुपयांत साडेपाच कोटींच्या आसपास. उपविजेत्याला दोन लाख, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला एक लाख, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला पन्नास हजार. झाओच्या खात्यात त्या हंगामातलं दुसरं काही नसल्यासारखंच होतं. पण एका स्पर्धेतले पाच लाख पौंड इतके मोठे आहेत की बाकीच्यांची दोन-दोन वर्षांची कमाई त्यांच्याखाली गेली. म्हणून तो अकरावा. आणि पहिला का नाही? कारण पहिल्या क्रमांकावरच्या जड ट्रम्पने त्या एकाच हंगामात सोळा लाख पौंडांहून अधिक कमावले होते. तो जागतिक अंतिम फेरीत पोहोचला नाही, उपांत्य फेरीत विल्यम्सकडून १७–१४ असा हरला, पण वर्षभर कुठल्या ना कुठल्या अंतिम फेरीत तो दिसतच होता. विश्वविजेतेपद सतरा दिवसांत ठरतं आणि पहिला क्रमांक दोन वर्षांत. दोन्हींची पारख वेगळी आहे, आणि मला हे रास्त वाटतं.

नाण्याची दुसरी बाजूही त्याच रात्री दिसली. बेल्जियमचा लुका ब्रेसेल २०२३ चा विश्वविजेता. त्याचे ते पाच लाख पौंड दोन वर्षं त्याला पहिल्या सोळात धरून होते. २०२५ मध्ये तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, म्हणजे काही वाईट खेळला नाही, पण खात्यातून पाच लाख गेले आणि आले पन्नास हजार. स्पर्धा संपली तेव्हा तो पहिल्या सोळाच्या बाहेर होता.

म्हणूनच सामना सुरू असताना समालोचक मध्येच सांगतात की हा खेळाडू आज हरला तर त्याचे अमुक इतके पैसे जाणार आहेत. नवख्या प्रेक्षकाला ते हावरटपणाचं बोलणं वाटतं. खरं तर ते क्रमवारीविषयीच बोलत असतात.

कार्ड कोणाला मिळतं

वर्षभर चालणाऱ्या या व्यावसायिक स्पर्धांच्या साखळीला दौरा म्हणतात. त्यावर साधारण १२८ खेळाडू असतात. प्रत्येकाकडे दोन वर्षांचं कार्ड असतं. ते असेल तर क्रमवारीच्या स्पर्धांची पात्रता खेळता येते, नसेल तर काही स्पर्धांत हौशी म्हणून बोलावलं तरच. दोन वर्षं संपली आणि खेळाडू पहिल्या ६४ मध्ये असला तर तो राहतो. नसला तर कार्ड जातं. शेवटच्या एका वर्षात चांगली कमाई केलेल्या काहींना वेगळ्या यादीतून पुन्हा संधी मिळते, बाकीच्यांना क्यू स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेत उतरून नव्याने सुरुवात करावी लागते. हौशी जागतिक विजेते, आशियाई विजेते, महिलांच्या दौऱ्यावरच्या अव्वल खेळाडू यांनाही कार्डं मिळतात. टेबलापाशी स्त्री-पुरुष असा भेद नाही. थायलंडची मिंक नुचारुत, चीनची बाई युलू याच दौऱ्यावर पुरुषांशी खेळल्या आहेत.

यादीचा खरा ताण वरच्या दहांत नसतो. तो ६४ च्या रेषेवर असतो. विसावा खेळाडू हरला तर त्याची सुट्टी बिघडते. सदुसष्टावा हरला तर त्याची नोकरी जाते. विमानाचं भाडं, हॉटेल, सरावाच्या टेबलाचे पैसे हे सगळं ज्याचं त्याने करायचं. पहिल्या फेरीत हरलात तर बऱ्याच स्पर्धांत हातात काहीच पडत नाही. २०२२ मध्ये दौरा चालवणाऱ्यांनी प्रत्येक कार्डधारकाला हंगामाला किमान वीस हजार पौंडांची हमी दिली, ती याचसाठी. पण ती बक्षिसाची उचल असते, पुढे जिंकलेल्या रकमेतून वळती होते.

भारतीय मुलांची वाट इथेच अडते. आपल्याकडे हौशी खेळाची परंपरा मोठी आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, आणि कुठल्याही वैयक्तिक खेळात भारताला मिळालेला तो पहिला जगज्जेता मानला जातो. पुण्यातच जन्मलेला आणि बंगळुरूत घडलेला पंकज अडवाणी बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हींत हौशी जगज्जेता झाला. पण व्यावसायिक दौरा हा इंग्लंडमध्ये घर करून राहण्याचा संसार आहे. पंकज २०१२ मध्ये त्यात उतरला आणि २०१४ मध्ये परत आला. मुंबईचा आदित्य मेहता जास्त वर्षं टिकला, आणि २०१३ मध्ये दिल्लीतल्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला. क्रमवारीच्या स्पर्धेची अंतिम फेरी खेळणारा तो पहिला भारतीय. समोर चीनचा डिंग जुनहुई होता आणि मेहता ५–० असा हरला. पण मेहताने त्या आठवड्यात जे केलं त्याची दखल आपल्या वर्तमानपत्रांनी घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही, असं मला आजही वाटतं.

इंडियन ओपन नंतर मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम आणि कोची असं फिरलं. मार्च २०१५ मध्ये मुंबईत मायकेल व्हाइट जिंकला. २०१९ मध्ये कोचीत मॅथ्यू सेल्ट जिंकला आणि त्यानंतर ही स्पर्धा थांबली. ज्या देशात हा खेळ जन्मला त्या देशात या खेळाची व्यावसायिक स्पर्धा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. होय, जन्मला इथेच. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने जुन्या खेळात रंगीत चेंडू मिसळले. वूलिचच्या लष्करी अकादमीत नवशिक्या कॅडेटला स्नूकर म्हणत. सोपा चेंडू चुकवणाऱ्या सोबत्याला त्याने तेच नाव दिलं आणि खेळालाही ते चिकटलं. पुढे उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लागले.

सध्या मुंबईचा इशप्रीत सिंग चड्ढा तो झेंडा घेऊन उभा आहे. २०२३ मध्ये त्याला कार्ड मिळालं आणि २०२४ च्या इंग्लिश ओपनमध्ये तो थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याचे सामने लावून बसणारे आपल्याकडे हजारो असायला हवेत.

जून ते मे

आता २०२४–२५ च्या हंगामातून एक फेरी मारू. त्यात क्रमवारीच्या अठरा स्पर्धा होत्या आणि शिवाय काही निमंत्रितांच्या. पंधरा वर्षांपूर्वी, २००९–१० मध्ये, क्रमवारीच्या स्पर्धा फक्त सहा होत्या. खेळाडू वर्षातले कित्येक महिने घरी बसून असत. २०१० मध्ये बॅरी हर्न यांनी कारभार हाती घेतला आणि कॅलेंडर भरून टाकलं. ज्येष्ठ खेळाडूंनी कुरकुर केली, पण तळातल्या खेळाडूला दर महिन्याला खेळायला मिळू लागलं.

सुरुवात उन्हाळ्यात लेस्टरच्या चॅम्पियनशिप लीगने होते. चार-चारच्या गटांत छोटे सामने असतात, अली कार्टर जिंकला. मग पूर्वेकडे. शांघाय मास्टर्स निमंत्रितांची, तिचे पैसे यादीत धरत नाहीत. ट्रम्प जिंकला. शीआन ग्रां प्रीमध्ये काइरन विल्सन जिंकला. तोच काइरन मे २०२४ मध्ये विश्वविजेता झाला होता. मग रियाध. सौदी अरेबियातल्या या नव्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस जागतिक स्पर्धेइतकंच, पाच लाख पौंड. ट्रम्पने विल्यम्सला १०–९ असं हरवलं. वर सांगितलेलं ट्रम्पचं सोळा लाखांचं पासबुक इथेच जाड झालं. शेवटच्या एका फ्रेमवर किती काही बदललं याचा विचार करावा.

सौदीच्या या पैशाबद्दल माझ्या मनात दोन विचार आहेत. तळातल्या खेळाडूंना मोठ्या स्पर्धा हव्यातच. पण एका नव्या स्पर्धेचं वजन यादीत क्रूसिबलइतकं होतं, तेव्हा शंभर वर्षांत कमावलेली गोष्ट आणि एका करारात विकत घेतलेली गोष्ट एका तराजूत बसतात. यादीला फक्त आकडा कळतो.

सप्टेंबर ते डिसेंबर हा धावपळीचा काळ. इंग्लिश, नॉर्दर्न आयर्लंड, स्कॉटिश आणि पुढे फेब्रुवारीत वेल्श अशा चार ओपन स्पर्धांना मिळून होम नेशन्स मालिका म्हणतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत आधी चार फ्रेम जिंकायच्या. इथेच नवी नावं वर येतात. एडिनबरात लेइ पेइफान जिंकला, त्याआधी फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलं असेल. याच काळात वुहान आणि नानजिंगच्या मोठ्या चिनी स्पर्धा होतात. नानजिंगला डिंग जुनहुई जिंकला.

डिंगबद्दल दोन वाक्यं हवीतच. २००५ मध्ये अठरा वर्षांच्या डिंगने बीजिंगमध्ये सात वेळच्या विश्वविजेत्या स्टीफन हेन्ड्रीला अंतिम सामन्यात हरवलं आणि ते कोट्यवधी चिनी घरांत पाहिलं गेलं. आज दौऱ्यावर चिनी खेळाडूंची जी रांग लागली आहे ती त्या एका संध्याकाळपासूनची. चिनी शहरं या स्पर्धा अभिमानाने भरवतात आणि बक्षिसंही मोठी देतात. कोविडमुळे २०२० ते २०२२ दरम्यान तिथल्या स्पर्धा बंद पडल्या तेव्हा यादीतला मोठा पैसाच आटला आणि अनेकांचे संसार हलले.

चीनच्या स्पर्धांची एक गंमत लक्षात ठेवा. त्यांच्या पात्रता फेऱ्या बहुतेक वेळा इंग्लंडमध्ये, कित्येक आठवडे आधी, जवळपास रिकाम्या सभागृहात होतात. जिंकलात तर चीनचं तिकीट काढायचं. तुम्ही स्कोअर पाहता तेव्हा एकाच स्पर्धेचे दोन वेगळे महिने दिसतात ते त्यामुळे.

डिसेंबरच्या आसपास यॉर्कला यूके चॅम्पियनशिप. जानेवारीत लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये मास्टर्स. एप्रिल-मेमध्ये शेफील्डला जागतिक स्पर्धा. या तिघींना मिळून ट्रिपल क्राउन म्हणतात, आणि खेळाडूची थोरवी शेवटी याच मापाने मोजली जाते. रॉनी ओसलिव्हनने यूके आठ वेळा, मास्टर्स आठ वेळा आणि जागतिक सात वेळा जिंकली आहे. पहिली यूके जिंकली तेव्हा तो अजून अठरा वर्षांचाही नव्हता, साल १९९३.

मास्टर्स मात्र यादीच्या बाहेर आहे. फक्त पहिले सोळा, निमंत्रित. पहिलं बक्षीस २०२५ मध्ये साडेतीन लाख पौंड, पण क्रमवारीत शून्य. त्या वर्षी शॉन मर्फीने काइरनला १०–७ हरवून ती जिंकली. पहिल्या सोळात राहण्याची एवढी धडपड का, याचं अर्धं उत्तर मास्टर्समध्ये आहे. नुसतं तिथे असलं की चार-पाच सामन्यांइतके पैसे पहिल्याच दिवशी मिळतात आणि लंडनचं भरलेलं सभागृह मिळतं. उरलेलं अर्धं उत्तर शेफील्डमध्ये आहे, त्याकडे येतोच.

फेब्रुवारी-मार्चनंतर आणखी एक यादी पुढे येते, आणि इथे बहुतेकांचा घोळ होतो. दोन वर्षांच्या यादीबरोबर फक्त चालू हंगामाचीही एक यादी असते. तिच्यातले पहिले ३२ वर्ल्ड ग्रां प्री खेळतात, पहिले १६ प्लेयर्स चॅम्पियनशिप आणि पहिले १२ टूर चॅम्पियनशिप. चाळणी बारीक होत जाते. जुन्या पुण्याईवर इथे प्रवेश नाही, यंदा काय केलंत ते दाखवा. २०२५ मध्ये हाँगकाँगला नील रॉबर्टसनने अंतिम सामन्यात स्टुअर्ट बिंगमला चक्क १०–० हरवलं. टेलफर्डला काइरन विल्सनने ट्रम्पला १०–९. मँचेस्टरला जॉन हिगिन्सने मार्क सेल्बीला १०–८.

हिगिन्स तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. तो, ओसलिव्हन आणि विल्यम्स तिघंही १९७५ चे, जबलपूरच्या त्या मेसनंतर बरोबर शंभर वर्षांनी जन्मलेले, आणि तिघंही १९९२ मध्ये एकाच वेळी व्यावसायिक झाले. क्रिकेटमध्ये तिशीतल्या माणसाला निवृत्तीबद्दल विचारतात. इथे विल्यम्स पन्नासाव्या वर्षी जागतिक अंतिम सामना खेळला.

चार फ्रेम आणि अठरा फ्रेम यांत फरक काय

समजा दोन खेळाडूंपैकी एक थोडासाच सरस आहे. शंभर फ्रेम खेळले तर तो पंचावन्न जिंकेल. एकाच फ्रेमचा सामना ठेवला तर त्याच्या विजयाची शक्यता शंभरात ५५. आधी चार जिंकणारा असा सामना ठेवला तर ती साधारण ६१ होते. आधी अठरा असा ठेवला तर साधारण ७२. सामना जितका लांब, तितकं नशीब मागे पडतं आणि कौशल्य पुढे येतं. रणजीचा चार-पाच दिवसांचा सामना आणि वीस षटकांचा सामना यांत जो फरक आहे, तोच हा.

म्हणून शूट आउट या स्पर्धेबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. तिथे सामना म्हणजे एक फ्रेम, दहा मिनिटांची. पहिली पाच मिनिटं प्रत्येक फटक्याला पंधरा सेकंद, नंतर दहा. प्रेक्षक आरडाओरडा करतात, मजा येते, मुलं आवडीने बघतात. ती स्पर्धा राहावी. पण २०१७ पासून तिचे पैसे क्रमवारीत धरले जातात, हे मला पटत नाही. ६४ च्या रेषेवरच्या माणसाचं कार्ड घाईघाईत मारलेल्या एका फटक्यावर ठरावं का?

शेफील्डचे सतरा दिवस

जागतिक स्पर्धा १९२७ पासून आहे. पहिली जो डेव्हिस यांनी जिंकली आणि १९४६ पर्यंत ती दुसऱ्या कोणाला मिळू दिली नाही. १९७७ मध्ये ती क्रूसिबल थिएटरमध्ये आली आणि तिथेच रुजली. जेमतेम ९८० खुर्च्या. मधोमध पडदा लावून दोन टेबलं मांडतात. खेळाडू वाकला की पहिल्या रांगेतल्या माणसाचा श्वास त्याला ऐकू यावा इतकी जवळीक. उपांत्य फेरीला पडदा वर जातो आणि एकच टेबल उरतं. तिथपर्यंत पोहोचलेले खेळाडू सांगतात की ती वेगळीच खोली वाटते.

मुख्य स्पर्धेत ३२ जण असतात. पहिले सोळा थेट, उरलेले सोळा पात्रतेतून. पहिल्या सोळात असण्याच्या धडपडीचं उरलेलं उत्तर हे. सतरावा खेळाडू पात्रतेत जातो, आणि तिथला प्रत्येक सामना आधी दहा फ्रेम जिंकेपर्यंतचा. क्रमवारीत जितके खाली तितके सामने जास्त. सर्वांत खालून सुरुवात करणाऱ्याला चार जिंकावे लागतात. पहिल्याच सामन्यात हरला तर काहीच मिळत नाही, मग पाच, दहा, पंधरा हजार पौंड अशा पायऱ्या आहेत. क्रूसिबलमध्ये पोहोचला की वीस हजार निश्चित. तळातल्या खेळाडूला ते वीस हजार म्हणजे आणखी एक वर्ष.

मानांकित सोळांसाठी एक कडक नियम आहे. ते पहिल्याच सामन्यात हरले तर वीस हजार मिळतात खरे, पण ते क्रमवारीत धरत नाहीत. २०२५ मध्ये गतविजेता काइरन विल्सन पहिल्या फेरीत लेइ पेइफानकडून ९–१० असा हरला. क्रूसिबलमध्ये आल्यापासून २०२५ पर्यंत तिथे पहिल्यांदा विजेता ठरलेल्या एकालाही पुढच्या वर्षी विजेतेपद राखता आलेलं नाही. लोक त्याला क्रूसिबलचा शाप म्हणतात. मी शाप मानत नाही. वर्षभर जो तो तुम्हाला विश्वविजेता म्हणून भेटतो, तुमच्यासमोर जीव तोडून खेळतो, त्याचं ओझं हे.

फेऱ्या पुढे सरकतात तसे सामने लांबतात. पहिल्या फेरीत आधी दहा, मग दोन फेऱ्या आधी तेरा, उपांत्य फेरीत आधी सतरा, अंतिम फेरीत आधी अठरा. अंतिम सामना दोन दिवस, चार सत्रं. भारतात बसून पाहणाऱ्याला संध्याकाळचं सत्र रात्री साडेअकराला सुरू होतं आणि पहाटे संपतं. १९८५ मध्ये डेनिस टेलरने स्टीव्ह डेव्हिसला अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर १८–१७ हरवलं, तेव्हा ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती आणि एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक टीव्हीसमोर जागे होते.

झाओ या वाटेवर अगदी तळापासून चालला. तो नवखा नव्हता. २०२१ मध्ये त्याने यूके चॅम्पियनशिप आणि पाठोपाठ २०२२ च्या सुरुवातीला जर्मन मास्टर्स जिंकली होती. मग २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर सामनेनिश्चितीच्या प्रकरणात कारवाई झाली. दोघांना आजन्म बंदी आली. झाओ स्वतः कुठलाही सामना मुद्दाम हरला नव्हता, पण दुसऱ्या खेळाडूच्या गैरप्रकारात त्याचा भाग होता आणि त्याने सामन्यांवर पैजा लावल्या होत्या. त्याने ते कबूल केलं आणि वीस महिने बाहेर बसला. तेवढ्यात पासबुक कोरं झालं, कार्डही गेलं. २०२४ च्या सप्टेंबरात बंदी संपली तेव्हा तो क्यू टूर या हौशी खेळाडूंच्या मालिकेत उतरला, तिथे पहिला आला आणि पुढच्या हंगामाचं कार्ड मिळवलं. शेफील्डला मात्र तो अजून हौशीच होता. पात्रतेचे चार सामने जिंकले, शेवटचा एलियट स्लेसरविरुद्ध १०–८. मग क्रूसिबलमध्ये आदल्या वर्षीचा उपविजेता जॅक जोन्स १०–४, लेइ पेइफान १३–१०, क्रिस वेकलिन १३–५. उपांत्य फेरीत ओसलिव्हनला १७–७ हरवलं, एक अख्खं सत्र शिल्लक असताना. आणि शेवटी विल्यम्स.

एकूण नऊ सामने. त्याच्या चुकीची शिक्षा त्याने भोगली आणि परत येताना कोणी त्याला सवलत दिली नाही, म्हणून हे विजेतेपद मला मोलाचं वाटतं.

मी भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने आणखी एक प्रश्न विचारला. "मग आता तो किती दिवस वर राहणार?" मी यादी उघडून दाखवली. त्याच्या नावासमोर पाच लाखांचा आकडा होता. २०२७ च्या मे महिन्यात शेफील्डचा अंतिम सामना संपेल त्या रात्री तो आकडा तिथून जाईल. तोवर अठरा-वीस शहरांत, कधी आधी चार तर कधी आधी दहा, त्याला तो दुसरीकडून भरून काढायचा आहे. त्याच यादीत खाली ६५ वा कोण आहे ते आम्ही शोधलं. काही आठवड्यांत क्यू स्कूल सुरू होणार होतं.